खेळण्यायोग्य वंश घडवताना या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रे रंगवण्याचा खेळ खेळणाऱ्या पुणेकराला कधी ना कधी पात्रांसाठी सह्याद्रीतला स्वतःचा वंश घडवावासा वाटतोच. उदाहरणादाखल घोरपडवंशी घेऊ. १६७० मधील सिंहगडाच्या चढाईशी जोडलेली घोरपडीची दंतकथा सर्वांच्या तोंडी असल्यामुळे या वंशाच्या पहिल्याच ओळीत ‘कोणताही कडा चढतात, कधीही पडत नाहीत’ असे लिहिले जाते आणि पहिली चूक तिथेच होते. असा खेळाडू टेबलावर असेल, तर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) उभा केलेला कडा, तट किंवा बुरूज हा अडथळाच उरत नाही. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत चढताना प्रत्येक फुटामागे एक फूट जादा हालचाल खर्च होते. ३० फुटांचा चढण्याचा वेग दिला की हा जादा खर्च वाचतो आणि तेवढा लाभ पुरेसा आहे. छताला उलटे चिकटून चालण्यासाठी विझार्डलाही (मंत्र टाकणाऱ्या पात्रालाही) तिसऱ्या लेव्हलपर्यंत थांबावे लागते, मग ते जन्मजात का द्यावे?

उडण्याबाबत हीच चूक अधिक महागात पडते. विझार्डला फ्लाय हा मंत्र पाचव्या लेव्हलला मिळतो आणि तो एकाग्रता टिकली तरच दहा मिनिटे चालतो. पहिल्याच लेव्हलला अमर्याद उड्डाण देणाऱ्या वंशांवर अनेक डीएम बंदी घालतात, ती उगाच नव्हे.

मोठ्या शक्तीची भरपाई म्हणून एखादा कमकुवतपणा जोडणे हा नेहमीचा उपाय असतो, पण तो बहुधा फसवा ठरतो. २०१६ च्या नियमांतल्या कोबोल्ड या बुटक्या, सरड्यासारख्या वंशाला थेट उन्हात हल्ल्याच्या फाशावर डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळत असे (दोनदा फासा टाकून लहान आकडा धरावा लागे), तर शत्रूजवळ साथीदार उभा असेल तेव्हा मोठा आकडा धरता येणारे अ‍ॅडव्हान्टेज. वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा अधिक हवे असताना अ‍ॅडव्हान्टेजमुळे यशाची शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते. कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी कथा) लेण्यांत आणि भुयारांत घडत असेल, तर ऊन कधी आडवे येतच नाही आणि शक्ती फुकटात पदरी पडते. तेच कॅम्पेन उघड्या पठारावर नेले, तर खेळाडू दर फेरीला चरफडतो. म्हणून भरपाई त्या शक्तीच्या वापरालाच जोडावी.

‘माझा वंश वेगळा वाटतच नाही’ अशी खेळाडूची तक्रार असेल, तर सारे गुणधर्म निष्क्रिय आहेत का, ते पाहावे. वीस बाजूंच्या फाशावर अधिक १ म्हणजे केवळ पाच टक्के. ते कागदावर दिसते, खेळताना जाणवत नाही. त्याऐवजी घोरपडवंशीयांना ‘घट्ट धरणे’ द्यावे : कोणी ढकलले किंवा पाडले, तर रिअ‍ॅक्शन (फेरीत एकदाच करता येणारी झटपट प्रतिक्रिया) वापरून ते जागचे हलत नाहीत, मात्र पुढच्या पाळीच्या अखेरपर्यंत त्यांचा वेग शून्य होतो. ड्रॅगन आग ओकायच्या बेतात समोर उभा असताना हे वापरावे की नाही, याचा विचार खेळाडूला करावाच लागतो. (संकटात शेपूट तोडून पळणे मात्र देऊ नये, ती सवय पालीची.)

सर्वांत गंभीर चूक स्वभावाची आहे. अमुक वंश जन्मतः मंदबुद्धी, तमुक वंश जन्मतः कारागीर, असे लिहिताना जातीची उतरंड आपण नकळत नव्या नावाने मांडतो. जन्मावरून काम ठरवणे ही आपल्याकडे कल्पनारम्य गोष्ट नाही. २०१६ मध्ये ऑर्क या धिप्पाड वंशाला बुद्धिमत्तेत उणे २ होते, ती वजाबाकी पुढे काढून टाकण्यात आली; २०२४ च्या नियमांत तर गुणांची वाढ वंशाऐवजी पात्राच्या पार्श्वभूमीतून येते. शरीर वंशाकडे ठेवावे. धंदा, भाषा आणि रीतिरिवाज पात्राच्या गावाकडे सोपवावेत. एकाच वंशाची दोन गावे लिहून पाहावीत आणि ती सारखीच निघाली, तर लेखन अपुरे आहे असे समजावे.

कॅम्पेनमध्ये आणण्यापूर्वी नवा वंश एकदा पहिल्या आणि एकदा पाचव्या लेव्हलला, एकाच बैठकीच्या साहसात खेळवावा. प्रत्येक अडथळ्यापाशी सारे टेबल त्याच खेळाडूकडे पाहू लागले, तर त्याचा जो गुणधर्म सर्वाधिक वेळा वापरला गेला तो आधी छाटावा.