यादृच्छिक चल: दोन फाशांवरून संभाव्यता वितरण कसे मांडावे

या धड्याचे नावच थोडे फसवे आहे. बीजगणितातला चल म्हणजे माहीत नसलेली संख्या. समीकरण सोडवले की ती हाती लागते. यादृच्छिक चलात शोधण्यासारखे असे काही नसते. तो एक नियम आहे. प्रयोगाचा निकाल त्याला दिला की तो एक संख्या परत देतो, म्हणजे खरे तर ते फल (फंक्शन) आहे. नियमात योगायोगाचा लवलेश नसतो. योगायोग असतो तो फासे टाकण्यात. एवढे पक्के झाले की पुढचे काम बरेचसे मोजणीचेच उरते. ती मोजणी आपण एकाच उदाहरणावर शेवटपर्यंत करू.

पायरी १: नियम शब्दांत लिहा

दोन फासे टाकायचे, एक लाल आणि एक पांढरा. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा आणि आलेल्या फरकाला क्ष म्हणायचे. लालवर २ आणि पांढऱ्यावर ५ आले तर क्ष = ३. दोन्हींवर ४ आले तर क्ष = ०.

हे वाक्य वहीत खरोखर लिहा. ‘क्ष = फरक’ एवढे पुरत नाही. लालमधून पांढरा वजा करायचा असता तर उत्तर ऋणही आले असते आणि तो वेगळाच चल झाला असता. त्याच दोन फाशांवर बेरीज, गुणाकार, मोठा अंक असे कितीतरी चल बांधता येतात. प्रयोग तोच, पण नियम बदलला की चल बदलतो.

पायरी २: क्षच्या शक्य किमती लिहा

फरक ०, १, २, ३, ४ किंवा ५ असू शकतो. सहा किमती.

पायरी ३: मोजा, अंदाज करू नका

बहुतेक चुका इथेच होतात. किमती सहा आहेत, म्हणून प्रत्येकीची संभाव्यता १/६, असे पेन आपोआप लिहून मोकळे होते. पण समसंभाव्य असतात ते प्रयोगाचे मूळ निकाल, चलाच्या किमती नव्हेत. दोन फाशांचे मूळ निकाल ३६ आहेत. सहा ओळी आणि सहा स्तंभांचा चौकोन आखा, प्रत्येक घरात फरक लिहा आणि मग मोजा. दोन मिनिटांचे काम आहे. कर्णावर शून्ये येतात, त्याच्या दोन्ही बाजूंना एकच्या तिरप्या रांगा, मग दोनच्या, आणि रांगा आखूड होत होत कोपऱ्यांत फक्त दोन पाच उरतात.

क्ष = ० : ६ घरे
क्ष = १ : १० घरे
क्ष = २ : ८ घरे
क्ष = ३ : ६ घरे
क्ष = ४ : ४ घरे
क्ष = ५ : २ घरे

प्रत्येक संख्येला ३६ ने भागा, की संभाव्यता वितरण, म्हणजे कोणत्या किमतीची संभाव्यता किती हे सांगणारी सारणी, तयार. अपूर्णांकांना इतक्यात संक्षिप्त रूप देऊ नका. १०/३६ चे ५/१८ केले की पुढच्या प्रत्येक बेरजेत छेद समान करत बसावे लागते.

लाल-पांढरा हा भेद कशासाठी, असे वाटू शकते. (२, ५) आणि (५, २) हे दोन वेगळे निकाल आहेत, हे डोळ्यांना दिसावे म्हणून. याच मुद्द्यावर सतराव्या शतकात इटलीतले जुगारी अडले होते. तीन फाशांची बेरीज ९ येण्याचे अंकांचे गट सहा, आणि १० येण्याचेही सहाच; तरी १० थोडी जास्त वेळा पडते, असे त्यांच्या लक्षात आले होते. गॅलिलिओने सगळे २१६ निकाल मोजून दाखवले: ९ साठी २५ निकाल, १० साठी २७. कारण ३-३-३ हा गट एकाच प्रकारे पडतो, तर १-२-६ सहा प्रकारे. २१६ मध्ये फक्त दोनचा फरक! तो नुसत्या खेळातून जाणवायला किती डाव खेळले असतील, कोण जाणे.

पायरी ४: दोन गोष्टी तपासा

एकही संभाव्यता ऋण नको, आणि सगळ्यांची बेरीज बरोबर १ हवी. आपल्याकडे ६ + १० + ८ + ६ + ४ + २ = ३६, म्हणजे ठीक.

परीक्षेत हीच तपासणी उलटी करून विचारतात. समजा ०, १, २, ३ या किमतींच्या संभाव्यता अनुक्रमे क, २क, २क आणि ६क² दिल्या आहेत. बेरीज १ म्हणून ६क² + ५क = १. वर्गसमीकरण सोडवले की क = १/६ किंवा क = −१. दुसरे उत्तर समीकरणाला चालते, वितरणाला नाही. ते का सोडले, हे एका ओळीत लिहा.

पायरी ५: ‘जास्तीत जास्त’ आणि ‘पेक्षा कमी’ यांत गल्लत टाळा

फरक जास्तीत जास्त २ असण्याची संभाव्यता: (६ + १० + ८)/३६ = २४/३६. फरक २ पेक्षा कमी असण्याची: १६/३६. एका शब्दाने आठ घरे गळतात.

अशी डावीकडून साठत जाणारी बेरीज म्हणजे संचयी वितरण फल. त्याची किंमत २.५ ला किती? फरक कधीच २.५ नसतो, म्हणून शून्य, असे उत्तर हमखास येते. पण प्रश्न ‘२.५ किंवा त्याहून कमी’ असा आहे, म्हणून उत्तर २४/३६ च.

पायरी ६: अपेक्षित मूल्य आणि प्रचरण काढा

प्रत्येक किमतीला तिच्या संभाव्यतेने गुणा आणि बेरीज करा:

(० + १० + १६ + १८ + १६ + १०)/३६ = ७०/३६, म्हणजे सुमारे १.९४.

‘अपेक्षित’ या शब्दावर फार विसंबू नका. १.९४ हा फरक कधीही येणार नाही, आणि सर्वांत जास्त वेळा येणारा फरक तर १ आहे. हा आहे खूप वेळा फासे टाकल्यावर सरासरी जिथे स्थिरावते तो आकडा.

किमती सरासरीभोवती किती पसरल्या आहेत, याचे माप म्हणजे प्रचरण. त्यासाठी आधी किमतींच्या वर्गांवर हेच करा: (१० + ३२ + ५४ + ६४ + ५०)/३६ = २१०/३६, म्हणजे ५.८३. त्यातून अपेक्षित मूल्याचा वर्ग, ३.७८, वजा केला की प्रचरण २.०५. त्याचे वर्गमूळ १.४३ हे प्रमाण विचलन. प्रचरण ऋण आले तर आकडेमोडीत नक्की घोळ आहे. बहुधा वर्ग करायचा राहिला असेल.

अखंड चल असेल तर

उंची, वेळ अशा चलांच्या किमती मोजून संपत नाहीत, म्हणून सारणी बनत नाही. तिथे घनता फल असते आणि आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे संभाव्यता. समजा ० ते १ मध्ये घनता २क्ष आहे. आलेखाखाली त्रिकोण तयार होतो, पाया १ आणि उंची २, म्हणून एकूण क्षेत्रफळ १. क्ष १/२ पेक्षा कमी असण्याची संभाव्यता म्हणजे डावीकडचा छोटा त्रिकोण: १/४. आलेखाची उंची २ पर्यंत जाते म्हणून दचकू नका. उंची म्हणजे संभाव्यता नव्हे. एकाच बिंदूवर क्षेत्रफळ शून्य असते, म्हणून इथे ‘जास्तीत जास्त’ आणि ‘पेक्षा कमी’ यांचे उत्तर एकच येते.

पायरी ७: फासे टाकून बघा

१८० वेळा टाका. सारणीनुसार ० ते ५ हे फरक अनुक्रमे ३०, ५०, ४०, ३०, २० आणि १० वेळा यायला हवेत. तंतोतंत तसे जवळजवळ कधीच होणार नाही. मग किती चूक चालेल?

१८० पैकी किती वेळा फरक १ आला, हा आकडा स्वतःच एक यादृच्छिक चल आहे. त्याच्या किमती ० ते १८०, आणि वितरण द्विपद, म्हणजे दर प्रयत्नात यश (इथे फरक १ येणे) किंवा अपयश अशा दोनच शक्यता धरून यशे मोजणारे. द्विपद वितरणाचे प्रचरण म्हणजे प्रयत्नांची संख्या, यशाची संभाव्यता आणि अपयशाची संभाव्यता यांचा गुणाकार: १८० × १०/३६ × २६/३६, सुमारे ३६. म्हणजे प्रमाण विचलन ६. पन्नासच्या जागी ४५ किंवा ५६ आले तर त्यात नवल नाही. २५ आले तर आधी नोंदी पुन्हा मोजा, आणि मग फासे तपासा.