पावसात दुधाळलेला लॅकर
आईच्या लग्नातला पाट मी अ‍ॅक्रिलिक रंगांनी नव्याने रंगवला आणि गणपतीआधी हवा म्हणून भर श्रावणात त्यावर क्लिअर लॅकर (रंग जपणारा पारदर्शक, चकचकीत लेप) मारला. थोड्याच वेळात लाल रंगावर पांढुरका पडदा! फार हळहळले. कारण दमट हवा: लॅकर पातळ करणारं थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो नि हवेतली वाफ लॅकरमध्ये अडकते.

खरवडायची गरज पडली नाही. उघडीप मिळालेल्या दुपारी नुसत्या लॅकर थिनरचा अगदी हलका फवारा दिला. वरचा थर सैलावला, ओल निघून गेली, लाल पुन्हा झळकला. (थिनर जास्त झालं तर खालचा रंग सुटतो, म्हणून आधी पाटाच्या मागच्या बाजूला करून पाहिलं.) मग लॅकरचे दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास. गौरी त्याच पाटावर बसल्या.