माता-बाल आरोग्यातील नवे संशोधन वापरताना या चुका टाळा

प्रसूतीनंतर किती रक्त गेले, याचा नुसत्या नजरेने अंदाज बांधणे ही प्रसूतिकक्षातील जुनी आणि आजही होणारी चूक आहे. रक्त कापडात, कापसात आणि चादरीत मुरते, काही जमिनीवर सांडते आणि पाहणाऱ्याला ते बहुधा कमीच वाटते. दोन लाखांहून अधिक बाळंतिणींचा समावेश असलेला ‘ई-मोटिव्ह’ अभ्यास केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथे झाला व २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतिणीच्या खाली मोजखुणांची प्लास्टिकची पिशवी लावणाऱ्या रुग्णालयांत अतिरक्तस्राव झालेल्या सुमारे ९३ टक्के स्त्रियांचे निदान झाले. नेहमीच्या पद्धतीत ते प्रमाण ५१ टक्के होते. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागलेली शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण तर ४.३ टक्क्यांऐवजी १.६ टक्के राहिले.

हे आकडे वाचून केवळ पिशव्या मागवणे ही पुढची चूक, कारण पिशवी रक्त थांबवत नाही. गर्भाशय चोळणे, गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, शिरेतून द्रव आणि रक्तस्रावाच्या कारणाचा शोध हे सारे त्या अभ्यासात एकत्रच करायचे होते. एका उपायाचा गुण येईना म्हणून मग दुसरा, अशा क्रमाने गेल्यास हातातली वेळ निघून जाते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या बाबतीत हे अगदी स्पष्ट दिसते: २०१७ च्या ‘वूमन’ अभ्यासात तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या स्त्रियांचे रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले, त्यानंतर दिलेल्या औषधाचा मात्र फायदा दिसला नाही.

अकाली प्रसूतीच्या शंकेने, बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून, आईला सरसकट स्टिरॉइडची इंजेक्शने देण्याची चूक मला अधिक चिंतेची वाटते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा देशांतील एका अभ्यासात या उपचाराचा वापर वाढवलेल्या वस्त्यांमध्ये एकूण नवजात मृत्यू कमी न होता वाढले आणि मातांमधील जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. इंजेक्शन मिळालेल्या अनेक स्त्रियांची प्रसूती पुढे अकाली झालीच नव्हती. उलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील ‘ॲक्शन’ अभ्यासात सोनोग्राफीने गर्भाचे वय निश्चित करून, लवकरच प्रसूत होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांनाच, तेही नवजात बाळांची सोय असलेल्या रुग्णालयांत, हेच औषध दिले, तेव्हा नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. म्हणून गर्भाचे वय ठाऊक नसेल, तर आधी ते शक्य तितके नेमके ठरवावे.

प्रसूतीच्या वेळी ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिल्याने मातांमधील सेप्सिस (संसर्गामुळे होणारा जीवघेणा आजार) घटला, परंतु बाळांमध्ये तसा फरक आढळला नाही. बाळासाठी म्हणून ते देऊ नये.

कमी वजनाचे बाळ ‘जरा स्थिर होऊ दे, मग आईकडे देऊ’ असे म्हणत थांबण्याची सवय मोडणे कठीण आहे, कारण ती काळजीपोटीच जडलेली असते. मात्र २०२१ च्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू १५.७ ऐवजी १२ टक्के झाले. तेथे ही जवळीक दिवसाला सुमारे १७ तास होती आणि आईची खाट नवजात अतिदक्षता कक्षातच होती. भेटीच्या वेळेत तासभर बाळ छातीशी देऊन त्याच परिणामाची अपेक्षा ठेवता येणार नाही. आधी त्या कक्षात आईच्या खाटेला जागा करावी लागेल.