फायरप्लेस पेटवण्याआधी

अमेरिकेत दिवाळीची साफसफाई आणि थंडीची चाहूल एकाच सुमारास येते. क्लोझेट, फ्रिज, पडदे सगळं आवरून होतं, पण दिवाणखान्यातली गॅस फायरप्लेस राहून जाते. तिच्यात ना राख ना लाकूड, बटण दाबलं की पेटते, मग साफ काय करायचं, असं वाटतं. यंदा ती यादीत घालाच. फक्त सुरुवात काचेपासून करू नका. काच डोळ्यांसमोर असते म्हणून सगळे आधी तिलाच हात घालतात, पण जिवावर बेतणाऱ्या गोष्टी दुसरीकडेच असतात.

पहिलं काम कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठूही देत नाही. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर एकेक अलार्म हवा. टेस्टचं बटण दाबून आवाज ऐका आणि मग तो उलटा करून मागची तारीख वाचा. साधारण 7 ते 10 वर्षांत अलार्म बाद होतो. बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे आतला सेन्सर शाबूत आहे असं नाही, म्हणून जुनं घर घेतलेल्यांनी ही तारीख नक्की बघावी.

मग चपला घालून घराबाहेर जा. आजकालच्या बहुतेक फायरप्लेस डायरेक्ट व्हेंट प्रकारच्या असतात. एकात एक अशा दोन नळ्या असतात, आतलीतून धूर बाहेर जातो आणि बाहेरचीतून जळायला लागणारी हवा आत येते. भिंतीवरच्या त्या तोंडाशी पानं अडकली आहेत का, गांधीलमाशीचं पोळं आहे का, उन्हाळ्यात वाढलेलं झुडूप टेकलंय का, ते बघा. बर्फ पडला की ड्राइव्हवे साफ करताना हे तोंडही मोकळं करायचं, हे घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा. व्हेंटच नसलेल्या फायरप्लेसही मिळतात. त्या जळलेला वायू खोलीतच सोडतात, आणि कॅलिफोर्नियात घरांमध्ये त्यांना परवानगी नाही. मला विचाराल तर तान्हं बाळ किंवा दम्याचा माणूस असलेल्या घरात तशी फायरप्लेस पेटवूच नये.

आता आतलं काम. गॅस बंद, पायलट म्हणजे आतली सतत जळणारी छोटी ज्योत, तीही बंद. गॅसच्या नळीवरचा दांडा नळीला आडवा केला की गॅस बंद झाला. पंखा असेल तर त्याची वीजही तोडा. पायलट चालू असेल तर काच कोमट राहते, म्हणून सगळं पूर्ण गार होऊ द्या, अगदी रात्रभर. काच काढण्याआधी आतल्या नकली लाकडांचा मोबाईलवर फोटो काढा. ही लाकडं सिरॅमिकची असतात आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच बसवावी लागतात. इंचभर सरकली तरी ज्योत त्यांवर आपटते आणि काजळी धरते. मऊ ब्रशने हलकेच धूळ झाडा, पण मास्क लावून, कारण सिरॅमिकच्या तंतूंची धूळ छातीत जाणं बरं नाही. खाली पसरलेले निखाऱ्यांसारखे दिसणारे कापसाळ तुकडे व्हॅक्यूमने ओढू नका. पायलटच्या बारीक भोकाशी कोळ्याचं जाळं नाही ना, तेही बघा. पायलट न पेटण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

काचेवर आतून पांढुरका थर दिसेल. तो गॅस जळताना बसतो. वर्षानुवर्षं तापत राहिला तर काचेत मुरतो आणि मग कशानेच निघत नाही. काच टॉवेलवर आडवी ठेवा आणि फायरप्लेसच्या काचेसाठी मिळणारं क्रीम मऊ फडक्याने लावून पुसा. खिडक्यांचा अमोनियावाला स्प्रे, तारेची घासणी, ब्लेड यांतलं काहीही नको. कडेची दोरीसारखी गॅस्केट चेपली किंवा सुटली असेल तर ती बदलून मगच काच बसवा. फडक्यावर पांढऱ्याऐवजी काळं आलं, तर ते पुसून विषय संपवू नका. ती काजळी आहे, म्हणजे ज्वलन बिघडलंय. टेक्निशियन येईपर्यंत पेटवणं थांबवा.

काचेपुढच्या जाळीबद्दल मी आग्रही आहे. पेटलेली काच क्षणात कातडी सोलेल इतकी तापते, आणि बंद केल्यावरही बराच वेळ तशीच राहते. 2015 पासून बनणाऱ्या फायरप्लेसबरोबर जाळी येते, जुन्यांना ती वेगळी घ्यावी लागते. रांगतं मूल असेल किंवा भारतातून आई-बाबा आले असतील तर जाळीशिवाय पेटवू नका. आजींना ओला टॉवेल तिथे वाळत घालावासा वाटतो, तेव्हा त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा. मँटलवरचं, म्हणजे फायरप्लेसच्या वरच्या फळीवरचं झेंडूचं तोरण, कागदी कंदील, गणपतीची उरलेली आरास काढून टाका. जळण्याजोगं सगळं निदान 3 फूट दूर हवं.

पेटवताना सडक्या अंड्यासारखा वास आला तर दिवा लावू नका, मालवूही नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अंगणातून गॅस कंपनीला किंवा 911 ला फोन करा. पायलट पेटला नाही तर पुन्हा प्रयत्न करण्याआधी 5 मिनिटं थांबा, साचलेला गॅस निघून जाऊ द्या. उशिरा, धप्पकन आवाज करून पेटली, तर त्या दिवशी पुन्हा हात लावू नका, कारण त्या धक्क्याने काच फुटू शकते. पहिल्यांदा पेटल्यावर थोडा धुळीचा जळका वास येतो, खिडकी उघडी ठेवली की तो जातो.

गॅसचा दाब, गळती, थर्मोपाइल (पायलटच्या उष्णतेवर थोडी वीज तयार करणारा भाग) आणि व्हेंटचे सांधे ही कामं वर्षातून एकदा टेक्निशियननेच करावीत. एनएफआय (नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूट) प्रमाणपत्र असलेला बघा, आणि फोन सप्टेंबरातच करा, थंडी पडली की त्यांची तारीख मिळत नाही. आणीबाणीसाठी बॅटरीवर पेटणारं मॉडेल असेल, तर त्याच्याकडून जाता जाता बॅटरीची जागा आणि वीज गेल्यावर पेटवायची पद्धत करून दाखवायला सांगा, आणि त्या वेळी घरातली दोन माणसं तरी समोर उभी असू द्या.