कुत्र्याचं पीआरपी: गुठळ्या आणि गुलाबी प्लाझ्मा

पीआरपी (प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, जास्त असलेला प्लाझ्मा) गुलाबी येत होतं, तळाला बारीक गुठळ्या. गुलाबीपणाचं कारण दुसऱ्या सेंट्रिफ्यूजवरून (रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रावरून) उसने घेतलेले आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे! जोर रोटरच्या (नळ्या फिरवणाऱ्या चक्राच्या) त्रिज्येवरही ठरतो: १५ सेंमीला १००० आरपीएम म्हणजे साधारण १६८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १६८ पट). पहिला स्पिन तेवढाच, १० मिनिटं, ब्रेक बंद; ब्रेक लागला की थर ढवळतात.

गुठळ्या मात्र रक्त काढतानाच होत होत्या. पायाच्या शिरेतून थेंबथेंब नको. मानेच्या शिरेतून एका दमात घ्या. ९ मिली रक्ताला १ मिली सोडियम सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण), नळी हलकेच ५-६ वेळा उलटी करा. झटकायची नाही.

पहिल्या स्पिननंतर वर आलेला प्लाझ्मा वेगळ्या नळीत घेऊन दुसरा स्पिन साधारण ४०० जी, १० मिनिटं. वरचा प्लाझ्मा काढून तळचा पाव भाग ठेवा, तेच पीआरपी.

मुंबईच्या उकाड्यात नळ्या फ्रिजमध्ये ठेवाव्याशा वाटतात. नको, थंडीने प्लेटलेट सक्रिय होतात. एसी २२ अंशांवर पुरे.