उकडीच्या मोदकाची पारी फाटत होती, ती अशी थांबली

लक्षण असं: पारीच्या कडा चिरतात, कळ्या घेतल्या की तुटतात आणि उकडताना मोदक खालून फुटून गुळाचा पाक चाळणीत उतरतो. ऐन चतुर्थीला असं झालं की अगदी रडू येतं.

पाणी वाढवलं, तर उकड हाताला चिकटली. तूप वाढवलं, तर कळ्या जुळेनात. मैदा घातल्यावर मोदक चिवट झाले.

जमलं ते या क्रमाने. आंबेमोहोराची बारीक पिठी आणि त्याच वाटीने तितकंच पाणी. पाण्यात मीठ, चमचाभर लोणी घालून खळखळून उकळी आणायची, गॅस बारीक करून पिठी एकदम ओतायची, उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाकण. 2 मिनिटं वाफ. मग गॅस बंद करून 10 मिनिटं झाकण उघडायचं नाही. तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पीठ धरून ठेवतो तो वाफेत फुललेला स्टार्च. म्हणून इथे घाई नको.

उकड गरम असतानाच परातीत घेऊन पाण्या-तेलाच्या हाताने, चटका बसला तर वाटीच्या बुडाने, रगडून मळायची. गोळी दाबल्यावर कडेला चीर पडली नाही, की झाली. उरलेली उकड ओल्या फडक्याखाली. सारण पूर्ण गार हवं. पारी कडेला पातळ, मधे किंचित जाड. चाळणीत हळदीच्या पानावर ठेवण्याआधी प्रत्येक मोदक गार पाण्यात बुडवून काढायचा, मग 10-12 मिनिटं वाफवायचा.

पिठी जुन्या तांदळाची असेल तर मळताना पाण्याचे दोन हबके जास्त लागतात.