फो खाताना या चुका टाळा

फो म्हणजे तांदळाच्या नूडल्स घातलेले व्हिएतनामी सूप. त्याचा वाडगा समोर आला की टेबलावरच्या सॉसच्या बाटल्यांकडे हात जातो. मुंबईतल्या व्हिएतनामी उपाहारगृहांत सर्रास होणारी ही चूक आहे. चायनीजच्या गाडीवर सूपमध्ये सोया सॉस, चिली सॉस आणि व्हिनेगर स्वतःच्या हाताने घालून घेण्याची आपल्याला सवय असते, कारण तिथले सूप तसे गृहीत धरूनच केलेले असते. फोचे सूप मात्र हाडे कित्येक तास मंद आचेवर उकळून आणि त्यात जाळावर भाजलेले आले व कांदा, बादियान, दालचिनी, लवंग, मसाला वेलची आणि धणे घालून होते. यातले बहुतेक मसाले आपल्या गोड्या मसाल्यातही असतात. पण इथे ते वाटून न घालता अख्खे घालतात आणि नंतर गाळून काढतात, त्यामुळे सूप नितळ राहते आणि मसाल्याचा वास तेवढा त्यात उतरतो. म्हणून पहिले दोन-तीन चमचे काहीही न मिसळता प्यावेत.

त्यानंतरही सूप आळणी वाटले, तर सोया सॉस नको, फिश सॉसचे चार थेंब घालावेत. मांदेलीच्या कुळातले छोटे मासे मिठात महिनोन् महिने मुरवून तो केलेला असतो. बाटलीला नाक लावल्यास वास उग्र येतो, पण गरम सुपात तो मावळतो आणि चव भरून येते. गोडसर, दाट होइसिन सॉस आणि तिखट सॉस छोट्या बशीत घेऊन मांसाचा तुकडा त्यात बुडवून खावा. हात सैल सुटून सूप खारट झालेच, तर वेटरकडे थोडे साधे गरम सूप मागावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

दुसरी चूक आपल्या ‘वन बाय टू’च्या सवयीतून होते. एक फो दोन वाट्यांत विभागला की सूप लगेच कोमट होते, आणि फोची सगळी मदार तर त्याच्या उष्णतेवर असते. सोबत ताटलीत येणारे मुगाचे लांब मोड आणि पाने कच्चीच असतात. ती कढत सुपात पहिल्या मिनिटातच घालायची असतात. तांदळाच्या चपट्या नूडल्स थांबल्या की फुगतात आणि एकमेकींना चिकटतात. वाडगा आला की त्या तळापासून सोडवून घ्याव्यात, फोटो नंतर काढावेत. खरोखरच दोघांत खायचे असेल, तर स्वयंपाकघरातूनच दोन वाडगे भरून आणायला सांगावे.

पानांची ताटली आली नाही म्हणून तक्रार करण्यापूर्वी मेन्यू नीट वाचावा. फो मूळचा उत्तर व्हिएतनामचा, आणि हनोईच्या पद्धतीत वरून फारसे काही घालत नाहीत. १९५४ साली देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेकडची लाखो माणसे दक्षिणेत गेली, फोही त्यांच्याबरोबर गेला आणि तिथे त्याला मोड, पाने व होइसिनची जोड मिळाली. ताटलीतली तुळशीसारखी दिसणारी पाने आपल्या अंगणातल्या तुळशीची नसतात. ज्या जातीच्या झाडाचा सब्जा आपण फालुद्यात घालतो, त्याच जातीची ती असतात, त्यामुळे ती बिनदिक्कत खावीत.

सर्वांत गंभीर चूक शाकाहारी मंडळींकडून नकळत होते. वाडग्यात टोफू आणि भाज्या दिसल्या म्हणजे सूपही शाकाहारी असेलच असे नाही. ते हाडांचे असू शकते किंवा त्यात फिश सॉस असू शकतो. म्हणून ‘व्हेज आहे ना?’ एवढेच न विचारता ‘सूप कशाचे आहे आणि त्यात फिश सॉस आहे का?’ असे दोन्ही प्रश्न विचारावेत. श्रावण पाळणाऱ्यांनी तर विचारावेतच. व्हिएतनाममध्येही अनेक बौद्ध कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत, आणि त्यांच्यासाठी मुळा, मशरूम यांच्या सुपाचा फो होतो. असे वेगळे सूप इथे करतात का, ते ऑर्डर देण्याआधीच कळले पाहिजे. जैन पाहुण्यांना फो सुचवताना आले आणि कांदा सुपातच उकळलेले असतात, ते नंतर काढून देता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. मेन्यूवर ‘बफ’ लिहिले असेल तर ते म्हशीचे मांस समजावे. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी लागू आहे.

पार्सल मागवल्यास सूप आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत द्यायला सांगावे. घरी आल्यावर सूप खळखळून उकळावे, गोळा झालेल्या नूडल्स उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून निथळाव्यात आणि मगच वाडग्यात एकत्र कराव्यात. दोन्ही एकत्र करून मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्यास नूडल्सचा लगदा होतो.